पाणी कुठं मुरतंय?

‘दात किती?’ आबांनी विचारलं.

बैलाचे नाही हो, बोटीचे! गोव्यातल्या एका खाडीत पांढरीशुभ्र तीस फुटी शिडाची बोट डुलतेय, मी ऑलमोस्ट प्रेमात पडलेय, मालक शहाळं पाजतोय, आणि आमचे आबा टोपी सावरत विचारतायत, हिचे दात किती झाले? मालक माझ्या तोंडाकडे बघायला लागला. ‘वय विचारतायत,’ मी म्हटलं. ‘१९८६ची आहे,’ तो म्हणाला.

‘म्हंजी जुळलेली हाय,’ आबा म्हणाले आणि गप्प बसले. बैलबाजारात जुळलेलं म्हणजे सगळे दात आलेलं जनावर. यापुढे त्याचं वय दातांवरून कळत नाही, ते चालवूनच बघावं लागतं.

तर आम्ही कळंबचे. धाराशिववालं कळंब नव्हे, पुणे-नाशिक हायवेवर मंचर सोडलं की लागतं ते आमचं. टोमॅटो, कांदा, ऊस. पाणी म्हणजे घोड नदी आणि डिंभ्याचा कालवा. गंमत अशी की ही घोड नदी उगवते सह्याद्रीच्या ऐन धारेवर, तिथून अरबी समुद्र हाकेवर, पण बाई जाते उलट्या दिशेला. भीमेला मिळते, मग कृष्णेला, आणि पार बंगालच्या उपसागरात. त्यामुळे आमच्या घरात समुद्राशी संबंध एवढाच, की पाणी शेवटी कुठं तरी तिकडंच जातं.

मग ही बोट कुठून आली? हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून. रोज जाऊन-येऊन तीन तास कॅबमध्ये बसून माणूस काहीही विचार करू शकतो. टीममधला एकजण, माझी रूममेट आणि मी, तिघं मुंबईत वीकेंडला सेलिंग शिकलो, आणि मग तो किडा डोक्यात शिरलाच. तिघांत मिळून एक बोट घ्यायची, दोन वर्षं किनाऱ्याकिनाऱ्यानं हात साफ करायचा, मग गोवा ते कोची, तिथून लक्षद्वीप (परमिट काढून, अर्थात), आणि जमलं तर पुढे. नवी बोट? विसरा. या बोटीचे अठरा लाख सांगितले होते, म्हणजे डोक्यावर सहा. माझे सहा म्हणजे पाच वर्षांचं सेव्हिंग. फ्लॅटचं डाउन पेमेंट म्हणून आईने ज्याच्याकडे डोळे लावले होते, तेच ते.

जुन्या बोटीला नाक मुरडू नका, बरं का. जगप्रदक्षिणा करणारी पहिली भारतीय शिडाची बोट, लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सची ‘तृष्णा’, इंग्लंडमधून घेतलेली सेकंडहँडच होती. सदतीस फुटी. १९८५ला निघाली आणि १९८७ला मुंबईत पोचली. आणि कमांडर अभिलाष टॉमींची गोष्ट तर भन्नाटच आहे. २०१८च्या गोल्डन ग्लोब रेसला ते गोव्यात नवी बांधलेली ‘थुरिया’ घेऊन गेले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, आणि एका फ्रेंच बोटीने त्यांना वाचवलं. त्यात बांधणाऱ्यांचा दोष नव्हता, वादळच तसं होतं. त्याच रेसमध्ये जाँ-ल्युक व्हॅन डेन हीड या सत्तरी ओलांडलेल्या फ्रेंच आजोबांची रस्लर ३६सुद्धा आडवी झाली, डोलकाठीला इजा झाली, तरी त्यांनी रेस जिंकली. पुढच्या म्हणजे २०२२च्या रेसला टॉमी पुन्हा उतरले, आणि बोट कोणती घेतली? तीच, आजोबांची! नाव बदलून ‘बायानात’ ठेवलं आणि एप्रिल २०२३मध्ये दुसरे आले. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर, तिची ‘मिनेहाहा’ही जुनीच. या रेसचा नियमच आहे की बोटीचं डिझाइन १९८८च्या आधीचं हवं.

पण कर्स्टनने ती बोट घेतल्यावर कॅनडात महिनोन् महिने तिच्यावर काम केलं होतं, हा भाग मी वाचताना स्किप केला होता. आपण सगळेच करतो.

पहिल्या भेटीत मी काय बघितलं सांगू? केबिनमधली निळी कुशन्स. छोटंसं किचन, त्यातला तो हलता स्टोव्ह, जो बोट कलली तरी सरळ राहतो. सो क्यूट! जीपीएस नवा होता. बाथरूम होती. मालक म्हणाला, अजून दोन पार्ट्या येऊन गेल्यात. मी तिथंच पन्नास हजार टोकन ट्रान्सफर केलं. पावती? व्हॉट्सअॅपवर एक अंगठा.

हे ऐकून आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘अठरा लाखाचं जनावर घेतीस आन एकलीच जातीस? मी येतो.’ समुद्र त्यांनी त्याआधी एकदाच पाहिलेला, हरिहरेश्वरला.

दुसऱ्या भेटीला आम्ही सर्व्हेयर घेऊन गेलो. पंचवीस हजार फी ऐकून रूममेटला घेरी आली होती, पण लांबच्या प्रवासाची बोट घेताना हा माणूस हवाच, आणि तो मालकाने सुचवलेला नको. त्याची हत्यारं बघून मला हसूच आलं. एक छोटी प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी, एक ओल मोजायचं मीटर, टॉर्च आणि आरसा. तो डेकवर गुडघे टेकून बसला आणि टकटक करत सरकायला लागला. टण, टण, टण, ढप.

‘कलिंगड,’ आबा म्हणाले.

एक्झॅक्टली! फायबरच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा हलकं लाकूड असतं. रेलिंगच्या खांबांचे स्क्रू जिथे घुसतात, तिथून पाणी आत झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. वरून सगळं चकाचक. कान लावला तरच कळतं. आमच्या बोटीच्या डेकवर सहा ठिकाणी ढप वाजलं.

मग डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा. त्या साधारण दहा-बारा वर्षांनी बदलाव्यात असं सर्व्हेयर म्हणाला. किती जुन्या आहेत, ते मालकाला आठवत नव्हतं. त्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात, त्या डेकमधून आत जातात आणि नेमक्या तिथंच, जिथं दिसत नाही तिथं, गंजतात. स्टेनलेस स्टील खाऱ्या पाण्यात, हवा न लागता ओलं राहिलं की आतून चिरतं म्हणे. नाव स्टेनलेस असूनही! शिडाचं कापड हातात धरलं तर नव्या नोटेसारखं कडक लागायला हवं. आमचं धुतलेल्या चादरीसारखं मऊ होतं.

आबा तोवर केबिनच्या तळाची फळी उचलून आत डोकावत होते. शहाळंवाल्या मालकाचा चेहरा मी तेव्हाच बघायला हवा होता.

‘हितं रंग ताजा कसा काय?’ आबांनी विचारलं. ‘बाकी समदं जुनं, हितंच तेवढं नवं?’

आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगं रंगवतात. बघणाऱ्याने शिंगं बघायची नसतात, खूर बघायचे असतात. त्या ताज्या करड्या रंगाखाली कीलचे बोल्ट होते. कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचा तो जड पंखा, जो वाऱ्याने आडवी झालेली बोट परत उभी करतो. तो पाण्याखाली असतो म्हणून कुणी बघत नाही, आणि सगळा प्रवास त्याच्या जिवावर असतो. सर्व्हेयरने रंग खरवडला तर खालून तांबूस गंज ओघळलेला.

‘पावसाळ्यात कुठं असती?’ आबांचा पुढचा प्रश्न. दोन पावसाळे बोट पाण्यातच, ताडपत्रीखाली. बाहेर काढून ठेवलीच नव्हती.

सर्व्हेयर म्हणाला, पाण्याबाहेर उचलून खालून बघितल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. क्रेनचा खर्च मालक म्हणाला तुमचा. उचलली. कील आणि बोटीच्या सांध्यावर, पुढच्या बाजूला, हातभर लांब चीर. सुकाणू धरून हलवलं तर खडखड. रिपोर्टच्या शेवटी दुरुस्तीचा अंदाज होता अकरा लाख, इंजिन न उघडता.

आम्ही सात लाख ऑफर दिली. मालक हसला, आणि टोकन विसरा म्हणाला. कागदावर काहीच नव्हतं. ‘सर्व्हे पसंत पडला तरच सौदा, नाहीतर टोकन परत’ एवढं एक वाक्य लिहून घ्यायला हवं होतं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कॉन्ट्रॅक्टमधले क्लॉज तपासायचा मी पगार घेते! टोकन, सर्व्हे, क्रेन, येणं-जाणं मिळून तिघांचे लाखभर गेले. टीममधला जो होता, तो या प्लॅनमधून बाहेर पडला. अजून नीट बोलत नाही. कॅन्टीनमध्ये दिसला की मोबाइल बघतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, टोकन मी न विचारता दिलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी रडले, थोडी. आबांनी खिशातून शेंगदाण्याचा पुडा काढला. ‘नदीत बुडाली असतीस तर काढली असती,’ ते म्हणाले. ‘तिकडं कोण येणार?’ कराड येईपर्यंत मग आम्ही दोघंही झोपलो.

आता मी आणि रूममेट मुंबईतली एक बोट बघतोय. सव्वीस फुटी, कुशन्स फाटलेली, स्टोव्हच नाही. पण दर पावसाळ्यात पाण्याबाहेर काढलेली, आणि मालकिणीकडे वही आहे. तारा कधी बदलल्या, कील कधी खरवडली, सगळं तारखेनिशी. तिला टोकन हवंय. मी म्हटलं, आधी कागद पाठवते, त्यावर सही करा. अजून उत्तर आलेलं नाही.

आबा येणार नाहीत या वेळी, कांदा काढणी चालू आहे. पण काल फोनवर विचारत होते, ती हातोडी विकत कुठं मिळती.