डाव्या हाताचा नियम आणि जळालेली मोटर

दहावीची परीक्षा जवळ आली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळांत मुले डाव्या हाताची तीन बोटे एकमेकांशी काटकोनात धरून पाठांतर करू लागतात. तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधले बोट म्हणजे विद्युतधारा आणि अंगठा म्हणजे तारेवर काम करणारे बल. फ्लेमिंगचा हा नियम पाठ होतो, विद्युत चलित्राची सुबक आकृती काढली जाते, गुणही मिळतात. त्यानंतर काही आठवड्यांतच उन्हाळा तापतो, एखाद्या पाड्याच्या विहिरीवरील पंप बंद पडतो आणि ‘मोटर जळाली’ एवढेच कारण सगळ्यांना कळते. पुस्तकातले विद्युत चलित्र आणि विहिरीवरची मोटर एकच, हे मात्र त्या मुलांना बहुधा कोणी दाखवलेले नसते.

ज्या तालुक्यातील तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, त्याच शहापुरातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी पंप दोन-चार दिवस बंद राहिला तर बायका आणि मुलींच्या डोक्यावर हंडे येतात, मिळेल ते पाणी प्यायले जाते आणि त्यामागोमाग जुलाबाचे आजार येतात. म्हणून मोटर का फिरते आणि का जळते, हा प्रश्न दोन गुणांपुरता राहत नाही.

मूळ तत्त्व साधे आहे. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये होकायंत्राची सुई हललेली पाहून ओळखले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी चुंबकाभोवती वीजवाहक तार सतत फिरती ठेवून दाखवली. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत शिकला होता. त्याचा तो प्रयोग हीच आजच्या सगळ्या मोटरींची सुरुवात. भातगिरणी, मिक्सर, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रे आणि आसनगावला थांबणारी लोकल, या सगळ्यांत काम करते ते हेच बल.

हे बल वर्गात दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. एक दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची पट्टी, जुन्या स्पीकरमधील गोल काळा चुंबक आणि हातभर इनॅमलची तांब्याची तार एवढ्यात मोटर तयार होते. पुण्यातील ‘आयुका’च्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी अशीच मोटर असंख्य मुलांकडून करून घेतली. तारेचे वेटोळे करताना एका टोकाचे इनॅमल पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळे मागेपुढे डुलते आणि थांबते, कारण अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने ढकलू लागते. अर्धे खरवडले की त्या वेळी वीज तुटते आणि वेटोळे स्वतःच्या वेगावर उरलेली फेरी पुरी करते. पुस्तकातील आकृतीत दोन अर्धी कडी कशासाठी असतात, हे मुलांना एकदा फसलेल्या वेटोळ्यावरून जितके कळते तितके दहा वेळा आकृती काढून कळत नाही.

दुसरा प्रयोग त्याहून मोलाचा आहे. मोडक्या खेळण्यातील छोटी मोटर, दोन सेल आणि बॅटरीतला तारेचा जुना छोटा बल्ब एका ओळीत जोडायचे. मोटर मोकळी फिरत असताना बल्ब मंद असतो. दोन बोटांनी मोटरचा दांडा अडवला की बल्ब एकदम उजळतो, म्हणजे प्रवाह वाढतो. कारण फिरणारी मोटर थोडी जनित्रही असते. तिच्या वेटोळ्यांत उलट दिशेचा दाब निर्माण होतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. फिरणे थांबले की तो आवर सुटतो.

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या घाटात या जनित्रपणाचा रोज उपयोग होतो. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. १९३० मध्ये या मार्गावर विजेची इंजिने आली आणि आजही जड गाड्यांना घाट चढताना मागून जादा इंजिन लावले जाते. उतरताना मात्र इंजिनाच्या मोटरी जनित्र म्हणून चालवता येतात. गाडीला आवर बसतो आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते.

विहिरीवरच्या मोटरची रचना खेळण्यातल्या मोटरीहून वेगळी असते. तिच्यात कायमचे चुंबक नसतात, स्थिर वेटोळ्यांतील वीजच फिरते चुंबकीय क्षेत्र तयार करते. पण धडा तोच. विजेचा दाब एक पंचमांशाने घटला तर अशा मोटरचे बळ एक तृतीयांशाहून अधिक घटते. पाण्याचा भार मात्र तेवढाच राहतो. मोटर मंदावते आणि जास्त प्रवाह ओढते. तीनपैकी एक फेज गेला किंवा पंपात गाळ अडकला तरी हेच घडते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, इनॅमल जळते, वेटोळी एकमेकांना भिडतात आणि वाइंडिंग काळे पडते. हे ठाऊक असलेला माणूस गुणगुणणारी, न फिरणारी मोटर तत्काळ बंद करतो आणि वारंवार ट्रिप होतो म्हणून स्टार्टरमधील संरक्षण काढून टाकत नाही.

शिकवताना दोन पथ्ये पाळावीत. प्रयोग फक्त सेलवर व्हावेत, घरातील २३० व्होल्टचा प्लग किंवा पंपाचा स्टार्टर मुलांच्या हाती देऊ नये. आणि खेळण्यांतून येणारे चकचकीत, छोटे, फार जोरकस चुंबक वर्गात किंवा घरात लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. असे दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याचे पदर मध्ये चिमटून भोक पडू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी पोट दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

या सगळ्याला नवा अभ्यासक्रम लागत नाही. धडा पुस्तकात आहेच. आकृती फळ्यावर काढण्याआधी दोन तासिका हातांनी करण्यासाठी राखून ठेवणे, जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या शिक्षकांना तारेचे एक रीळ व चुंबक पुरवणे आणि आयटीआयचे निदेशक किंवा बाजारपेठेतील रिवाइंडिंगच्या कारागिराला वर्षातून एकदा शाळेत बोलावणे, एवढे पुरेसे आहे. त्या कारागिराने जळालेले वाइंडिंग उघडून मुलांसमोर ठेवावे. शिक्षकांनी त्याच्याशेजारी पुस्तकातील आकृती ठेवावी. हे पुढच्या उन्हाळ्याआधी झाले, तर पंप गुणगुणू लागताच बटण बंद करणारे कोणीतरी पाड्यावर असेल.