मदतकार्याचा पगार आणि मनाची टोचणी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. ढिगारे उपसायला धावलेल्या हातांनी मोबदला विचारला नाही. परंतु पुनर्वसन हे चार दिवसांचे काम नव्हते. ते अनेक वर्षे चालले. त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले, गावे नव्या जागी वसवली गेली. पाहणी, नोंदी, बांधकामावरील देखरेख यांसाठी पगारी माणसे लागली. अशा कामावर पोट भरणाऱ्या प्रामाणिक कार्यकर्त्याला, आपत्ती कोणतीही असो, एक प्रश्न छळतो : दुसऱ्याचे घर पडले म्हणून माझी चूल पेटते, हे कसे सोसावे?

ही टोचणी जिवंत मनाची खूण आहे. मात्र तिच्यावरचा उपाय म्हणून ‘सेवा बिनपगारीच हवी’ असा आग्रह धरणे घातक ठरेल. ज्याच्या घरी धान्याची कणगी भरलेली आहे, तोच मग सेवा करू शकेल. भूमिहीन मजुराच्या शिकलेल्या मुलीला तेथे जागा उरणार नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, ही जुनीच उतरंड सेवेच्या नावाखाली पक्की होईल.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने दुष्काळात शोधले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. आपत्तिनिवारणाच्या पैशावर जगणारे ते लोक स्वतःच आपद्ग्रस्त होते. त्यांना भीक नको होती, श्रमाचे दाम हवे होते. ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात उतरले. त्याच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. त्या कामांवर लाज मजुरीची नव्हती. लाज होती ती खोट्या हजेरीपत्रकाची आणि मजुराच्या तोंडचा घास पळवणाऱ्या मुकादमाची.

मदतकार्यातील कार्यकर्त्याने हीच कसोटी स्वतःला लावावी. माझ्या पगाराचा आणि संस्थेच्या खर्चाचा हिशेब गावाच्या चावडीवर वाचला जातो काय? माझे वेतन आणि गावातल्या मजुराची मजुरी यांत किती अंतर आहे? घर कोठे व कसे बांधायचे, हे ठरवताना त्या घरात राहणाऱ्या बाईला कोणी विचारले काय? माझे काम गावातील तरुणांनी उचलावे म्हणून मी त्यांना तयार करीत आहे, की माझी नोकरी टिकावी म्हणून त्यांचे परावलंबन लांबवीत आहे?

या प्रश्नांची उत्तरे गावासमोर देता येत असतील, तर पगार घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. देता येत नसतील, तर बिनपगारी सेवेनेही तो दोष धुतला जाणार नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या पुराच्या वा दुष्काळाच्या छावणीत जाताना धान्याच्या पोत्यांबरोबर हिशेबाची वहीही न्यावी, आणि ती उघडी ठेवावी.