मागेल तेवढाच उतारा

संगणकाच्या विषयावर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने लेखणी का चालवावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. विज्ञान शाखेतील मैत्रिणींनी तो मला तोंडावर विचारलाच. माझे उत्तर एवढेच की, ज्या चुकीबद्दल मी लिहिणार आहे ती मुळात हिशेबनिसाची चूक आहे, आणि ती माझ्या हातून घडली आहे.

आमच्या गल्लीत बायकांचे एक बचत मंडळ आहे. बेचाळीस सभासद, महिन्याला ठरलेला हप्ता, त्यातूनच गरजूला कर्ज, आणि प्रत्येक कर्जाला एक सभासद जामीन. सारा हिशेब एका जाड वहीत. नावे काही मराठीत, काही कन्नडमध्ये. त्या महिन्यात लिहायला जी बसेल तिच्या सोयीप्रमाणे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ही वही संगणकावर चढविण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पायथॉन ही भाषा थोडीफार येत होती, म्हणून जँगो नावाचे साधन निवडले. हे जँगो अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ च्या सुमारास आकाराला आले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. जे हाती येईल ते छापून लोकांपुढे ठेवायचे हा ज्या घरचा धंदा, तिथले हे लेकरू! अर्थात पुढे जे झाले त्याचा दोष मी त्याच्यावर ढकलणार नाही.

जँगोमध्ये तक्त्यातील ओळीशी आपण थेट बोलत नाही. मध्ये एक दुभाष्या असतो. त्याचे नाव ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर. सगळे ओआरएम म्हणतात. डेटाबेस एसक्यूएल बोलतो, आपण पायथॉन बोलतो. दुभाष्या ओळीची एक 'वस्तू' करून आपल्या हाती देतो. माझी आजी आणि कन्नड बोलणारी भाजीवाली यांच्यामध्ये उभे राहून मी लहानपणी हेच काम केलेले असल्यामुळे मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ही वस्तू वहीतल्या ओळीसारखी निपचित पडून राहत नाही. कर्जाला विचारावे, 'तुझा जामीन कोण?' की ते धावत जाऊन त्या सभासदाची सबंध वस्तू घेऊन येते. त्या सभासदाचे स्वतःचे कर्ज असेल तर तिचाही जामीन आहेच. दोन शेजारणी एकमेकींना जामीन राहिल्या असतील तर हा प्रवास संपणारच नाही.

आता ही वस्तू संगणकाच्या स्मृतीत जगते. सभासदाच्या मोबाईलवर ती जशीच्या तशी जाऊ शकत नाही. तिचा सपाट मजकूर करावा लागतो. याला सिरियलायझेशन म्हणतात, आणि त्या मजकुराचा नेहमीचा साचा म्हणजे जेसन. आपल्या भाषेत सांगायचे तर खातेवहीतून उतारा काढणे. जँगोबरोबर वापरल्या जाणाऱ्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये या कामाला सिरियलायझर नावाचा कारकून असतो. कोणते रकाने उतरायचे ते त्याला सांगावे लागते. कंटाळा असेल त्याच्यासाठी 'ऑल' असा एक शब्दही ठेवलेला आहे: सगळे उतर.

मी 'ऑल' लिहिले नाही. सभासदाला स्वतःच्या कर्जाचा उतारा दिसावा म्हणून तीन रकाने हाताने लिहिले: रक्कम, बाकी, जामीनदार. पण जामीनदाराच्या जागी नावाऐवजी नुसता क्रमांक येऊ लागला, १७. क्रमांकावरून कोण काय ओळखणार? शोधाशोध केल्यावर 'डेप्थ' नावाची एक युक्ती सापडली. डेप्थ एक असे लिहिले की कारकून नात्याची एक पायरी उतरतो आणि क्रमांकाच्या जागी त्या सभासदाची माहिती भरतो. पडद्यावर नाव आले. मी खूश झाले आणि झोपायला गेले.

त्या पायरीवर कारकून जामीनदाराचे सगळे रकाने उतरतो, हे मी पाहिलेच नव्हते. पडद्यावर मी फक्त नाव दाखवीत होते. खालच्या उताऱ्यात मात्र तिचा मोबाईल क्रमांक, थकबाकी आणि शेरा हेही जात होते. एका सभासद काकूंच्या मुलाने सहज म्हणून तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला. रेस्ट फ्रेमवर्क अशा वेळी उतारा छान मांडून दाखवते! काकूंना जामीन राहिलेल्या मावशींच्या नावापुढे, वहीतून मीच इमानेइतबारे उतरवलेला शेरा होता: मुलाच्या दवाखान्यासाठी, बांगड्या गहाण.

आठ दिवसांत ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक झाली. मावशी मला भेटल्या तेव्हा रागावल्या नाहीत. "वहीच बरी होती गं," एवढेच म्हणाल्या, "वही बघायची तर बाईंच्या घरी तरी जावं लागायचं." पुढचे दोन महिने त्या मंडळाच्या बैठकीला आल्या नाहीत. हप्ता मात्र नातीच्या हाती वेळेवर पाठवीत.

संगणकाच्या जाणकारांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, दाराला कुलूप लावायला हवे होते. कुलूप होते. काकूंचा मुलगा आईच्या नावाने, आईला विचारून आत गेला होता आणि आईचेच कर्ज पाहत होता. आत कोणी यावे हे कुलूप ठरवते. आलेल्याच्या हाती काय ठेवावे हे उताऱ्याने ठरवायचे असते. जुन्या पेढीवरचा दिवाणजी खातेदाराला त्याची बाकी सांगे, खातेवही त्याच्यापुढे सरकवीत नसे. पासबुक ही चीज निघाली ती याच समजुतीतून.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, उताऱ्याचा प्रत्येक रकाना माणसाने नाव घेऊन लिहावा, आणि नात्यापलीकडचा रकाना तर दोनदा विचार करून. रेस्ट फ्रेमवर्कच्या कर्त्यांनाही याची जाणीव झालेली दिसते, ३.३ या आवृत्तीपासून काय द्यायचे किंवा काय वगळायचे ते लिहिणे त्यांनी सक्तीचे केले. तरी 'ऑल' चालतेच, डेप्थही चालते. वगळण्याची यादी मला त्याहून फसवी वाटते. उद्या सभासदाच्या तक्त्यात जन्मतारखेचा रकाना वाढवला, तर देण्याच्या यादीत तो आपोआप येत नाही. वगळण्याच्या यादीतून मात्र गुपचूप बाहेर पडतो. विसरणे हा माणसाचा स्वभाव धरला, तर विसरल्यावर ज्यात कमी नुकसान होते ती पद्धत बरी. मी आता 'जामीनदाराचे नाव' असा एकच रकाना लिहून तो नावाशी जोडला आहे. दोन ओळी जास्त लागल्या.

या दुरुस्तीत आणखी काही गमती कळल्या. रकमा उताऱ्यात अवतरणचिन्हांत येत, म्हणून ५०० आणि ५०० यांची बेरीज ब्राउझरने "५००.००५००.००" अशी करून दाखवली. मी चिडले, पण कारण कळल्यावर हात जोडले. पायथॉनच्या साध्या दशांशात ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ होतात, पैशाला असला हिशेब चालत नाही, म्हणून डेसिमल या प्रकारातली रक्कम मजकूर म्हणूनच जपून पाठवतात. दुसरी गंमत नावांची. राखीव प्रत म्हणून पायथॉनच्या साध्या जेसनने उतारा काढला तर मराठी नावेही गेली आणि कन्नडही. सगळीकडे नुसती तिरपी रेघ, यू आणि आकडे. एवढा समान न्याय आमच्या भागात दोन्ही लिपींना क्वचितच मिळाला असेल! 'एन्शुअर आस्की' बंद केल्यावर दोघी परत आल्या.

आपल्या महाविद्यालयात संगणकाच्या प्रात्यक्षिकात नोंद घालणे, बदलणे, पुसणे शिकवतात, आणि सर्व रकाने पडद्यावर आले की पूर्ण गुण मिळतात. मलाही मिळाले होते. माननीय प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, एक प्रात्यक्षिक उलटे असावे: दहा रकान्यांची वस्तू द्यावी, मागणारा कोण ते सांगावे, आणि विद्यार्थ्याने कोणते तीन रकाने दिले व उरलेले सात का दिले नाहीत यावर गुण द्यावेत. वाणिज्य आणि विज्ञान या दोन्ही शाखांनी ते एकत्र बसून करायला हरकत नाही.

मावशी परवाच्या बैठकीला आल्या होत्या. त्यांच्या शेऱ्याची ओळ मी डेटाबेसमधूनच काढून टाकली आहे. ती आता फक्त वहीत आहे, आणि वही बाईंच्या कपाटात.