गिऱ्हाइकाची ठेव



दोन वर्षांपूर्वी, लग्नसराई सुरू होण्याच्या थोडे आधी, आमच्या कापडदुकानाचे नूतनीकरण पूर्ण झाले. गादी-तक्क्ये गेले, काचेची कपाटे आली, छताला नवे दिवे लागले. पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेल्या माझ्या पुतण्याने या कामात जीव ओतला होता. त्याचे म्हणणे असे, की मोठ्या शहरांतील साखळी दुकानांशी आपण भावात फार काळ टक्कर देऊ शकणार नाही. त्यांच्याजवळ नाही आणि आपल्याजवळ आहे अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जुनेपण. ‘‘काका, लोकांना आता आठवणी हव्या आहेत. आपण त्याच द्यायच्या.’’

विचार चुकीचा नव्हता. त्याने त्यापायी तीन गोष्टी केल्या. त्या तिन्ही आज आपल्यापुढे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी पुढची पिढी हाच विचार घेऊन गादीवर बसत आहे.

पहिली गोष्ट पाटीची. नव्या पाटीवर ‘स्थापना १९३८’ असे सोनेरी अक्षरांत लिहून घेण्याचे त्याने ठरविले. आमच्या लोखंडी पेटीत सर्वांत जुनी वही आहे ती विक्रम संवत २०१३ ची, म्हणजे १९५६ च्या दिवाळीत पूजलेली. त्यापूर्वी माझे आजोबा खांद्यावर कापडाचे गाठोडे घेऊन आठवड्याचे बाजार करीत. पुतण्या म्हणाला, ‘‘पणजोबा कापड विकत होतेच ना १९३८ पासून? मग यात खोटे काय?’’ मला लगेच उत्तर सुचले नाही. पाटी रंगाऱ्याकडे तशीच पडून राहिली.

दुसरी गोष्ट तराजूची. जुन्या बाजारातून त्याने एक पितळी तराजू आणला आणि घासूनपुसून दर्शनी भिंतीवर टांगला. आठवडाभरात आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक आजीबाई आल्या. त्यांनी तराजूकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘शेटजी, तुम्ही कापड तोलून कधीपासून विकायला लागलात?’’ दुकानात हशा पिकला, त्यात मीही होतो. आमच्या दुकानात तराजू कधीच नव्हता. होता तो छत्तीस इंची लोखंडी गज. दशमान मापे आल्यावर वडिलांनी तो माळ्यावर ठेवला, आणि आम्ही तिघेही त्याला विसरून गेलो होतो.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यावारी जाणारी नव्हती. जुन्या वह्या चाळताना पुतण्याला एका लग्नाच्या बस्त्याचे पान सापडले. शालू, नऊवारी लुगडी, खण, धोतरजोड्या, फेटे, उपरणी. मोडी वळणाच्या देखण्या अक्षरांत सारा तपशील. त्याला ते फार आवडले. त्याने त्याचे छायाचित्र काढून दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावले. खाली लिहिले, ‘तुमच्या आजीचा बस्ताही आमच्याकडचाच.’ दिवसभरात शेकडो लोकांनी ते पाहिले. पानाच्या तळाशी ‘बाकी’ लिहिली होती आणि ती तीन सुगींत थोडी थोडी करून फिटल्याच्या नोंदीही होत्या. वर नाव स्पष्ट वाचता येत होते. हे त्याच्या ध्यानात आले नाही आणि मी तर ते स्टेटस पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या घरातील गृहस्थ आले. वय साठीच्या पुढचे. ते रागावले नाहीत. पाणी घेतले, थोडा वेळ बसले आणि म्हणाले, ‘‘शेटजी, ते पान खरं आहे. पण ते आमचं होतं.’’

पान तत्काळ काढले. संध्याकाळी पुतण्याला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, बोलणे गोडच झाले. त्यांच्या नातीच्या लग्नाचा बस्ता मात्र त्या हंगामात आमच्याकडे झाला नाही.

तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. ‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठीत स्मरणरंजन हा सुंदर प्रतिशब्द रूढ आहे. त्यात रंजन आहे. मूळ शब्दात मात्र वेदना आहे. १६८८ मध्ये बाझेल येथील योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो घडविला. ग्रीक भाषेत ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या आजाराला त्याने हे नाव दिले होते. व्यापारात आपण या शब्दाचा रंजनाचा भाग तेवढा उचलतो. पण गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकते ते दोन्ही भाग बरोबर घेऊन.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे ठेच लागूनच कळले. २३ एप्रिल १९८५ रोजी कोका-कोलाने आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना नवी चव देऊन पाहिली होती आणि अनेकांना ती अधिक आवडलीही होती. तरीही अमेरिकेत असा गदारोळ उठला, की ७९ दिवसांत, ११ जुलै रोजी, जुने पेय परत आणण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. चाचणी जिभेची झाली होती. त्या बाटलीभोवती लोकांचे बालपण, सुट्ट्या आणि सोबती गुंफलेले होते, त्यांची चाचणी कोणी घेतली नव्हती. बाटलीत भरलेला माल कंपनीचा होता, परंतु तिच्याभोवतीची आठवण गिऱ्हाइकाची होती, आणि ती त्याला न विचारता मोडीत काढली गेली.

आपल्याकडचे उदाहरण बजाजच्या चेतकचे. १९७२ मध्ये आलेली ही स्कूटर मिळविण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. पुढे मोटारसायकलींच्या युगात ती मागे पडली आणि तिचे उत्पादन थांबले. २०१९ मध्ये तेच नाव घेऊन विजेवर चालणारी नवी चेतक लोकांसमोर आली. अंग पूर्वीसारखेच पत्र्याचे, वळणे ओळखीची. आतील यंत्र मात्र पूर्णपणे आजचे. सकाळी स्कूटर तिरकी करून मग किक मारण्याची आठवण आपल्याला कितीही गोड वाटो, ती किक पुन्हा मारावी लागली असती तर कोणी पैसे मोजले नसते. आठवण नावापुरती आणि रूपापुरती ठेवावी, गैरसोय परत आणू नये, हा यातील धडा.

कॅम्पा कोलाची गोष्ट आणखी वेगळी. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारत सोडल्यावर हे पेय घरोघरच्या समारंभांत दिसू लागले, आणि १९९३ मध्ये परदेशी कंपनी परतल्यावर हळूहळू दिसेनासे झाले. २०२२ मध्ये रिलायन्सने ते नाव विकत घेऊन पुढील वर्षी बाजारात आणले. पण छोटी बाटली ठेवली १० रुपयांना. पन्नाशीच्या माणसाने पहिली बाटली आठवणीपोटी घेतली असेल. वीस वर्षांच्या मुलाला त्या नावाची काहीच आठवण नाही, तो घेतो ते भाव पाहून. जुने नाव भवानी करून देते. दिवसभराचा धंदा भाव आणि माल यांवरच होतो.

आणि ज्यांच्याजवळ जुने काहीच नाही, त्यांनी काय करावे? २०१३ मध्ये हेक्टर बेव्हरेजेस या नव्या कंपनीने ‘पेपर बोट’ या नावाने कैरीचे पन्हे आणि जलजीरा पाकिटांतून विकायला आणले. कंपनीला इतिहास नव्हता आणि तिने तो असल्याचा आवही आणला नाही. नावच ठेवले कागदाच्या होडीचे, जी पावसाच्या पाण्यात आपण सर्वांनी सोडलेली आहे. आठवण गिऱ्हाइकाची स्वतःची होती, कंपनीने तिच्याकडे फक्त बोट दाखविले. पाटीवर १९३८ लिहिण्याहून हा मार्ग मला कितीतरी अधिक प्रामाणिक वाटतो.

आता थोडे व्यवहाराचे. कोणाला कोणती आठवण सांगावी, याचाही विचार हवा. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की माणसाला सर्वाधिक प्रिय असतात ती त्याच्या साधारण चोविसाव्या वर्षाच्या आसपास लोकप्रिय असलेली गाणी. गाण्यांचा हा नियम साड्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा मिळते. आज पंचावन्न वर्षांची असलेली गृहिणी चोविशीत होती ती १९९० च्या दशकात. तिच्यासाठी भिंतीवर कंदील आणि ग्रामोफोन टांगून काय उपयोग? ती आठवण तिच्या आजीची. तिला विचारावे ते तिच्या स्वतःच्या शालूबद्दल.

दुसरा एक अभ्यास मात्र आपल्याला सावध करणारा आहे. लासालेटा, सेडिकिडीस आणि व्होज यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार गतकाळाच्या आठवणीत रमलेल्या माणसाची पैशावरची पकड सैल होते. तो त्याच वस्तूसाठी अधिक किंमत मोजायला तयार होतो. जाहिरातदारांना ही आनंदाची वार्ता वाटेल. मला त्यात जबाबदारी दिसते. ज्या क्षणी समोरचा माणूस हिशेब विसरतो, त्या क्षणी हिशेब राखण्याचे काम दुकानदाराकडे येते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळून तो चांगला म्हणून विकणे. पूर्वजांनी तो तूप, धान्य, सोने यांच्या संदर्भात समजावून घेतला. न घडलेले वर्ष पाटीवर लिहिणे आणि दुकानात कधी नसलेला तराजू वारसा म्हणून मिरविणे, ही आठवणींतील भेसळच नव्हे काय?

पुतण्याच्या १९३८ ला मी अखेरीस जे उत्तर दिले ते असे. आजोबांचे गाठोडे खरे, त्यांची पायपीट खरी, पण तेव्हा पाटी नव्हती. पाटीवर जे वर्ष लिहायचे ते पाटीचे. कोणी वही दाखवा म्हटले तर दाखविता आली पाहिजे. त्याला ते पटले. आज पाटीवर ‘दुकान १९५६ पासून’ एवढेच आहे. माळ्यावरचा गज खाली काढून त्याने तराजूच्या जागी लावला. म्हातारी माणसे त्याला हात लावून पाहतात आणि नातवंडांना वार म्हणजे काय ते समजावून सांगतात. ती पाच मिनिटे आम्ही कोणाला काहीच विकत नाही. पण गिऱ्हाईक आपणहून बसते.

वह्यांच्या बाबतीत आम्ही घरात एक रीत घातली आहे. जुन्या घराण्यातील कोणी बस्ता बांधायला आले, की आधी विचारायचे, ‘‘आपल्या आजींच्या लग्नाचा बस्ता आमच्या वहीत आहे, यादी पाहायला आवडेल का?’’ होकार आला तर कपड्यांची नावे तेवढी कोऱ्या कागदावर हाताने उतरून घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायची. आकडे नाहीत, बाकी नाही, छायाचित्र नाही. काहीजण नको म्हणतात. विषय तिथेच संपतो. काहींच्या घरी तो कागद लग्नाच्या दिवशी सर्वांना वाचून दाखवितात, असे कानावर येते. याला खर्च एका कागदाचा. आणि त्या दिवशी भाव एका पैशानेही वाढवायचा नाही, हा नियम पुतण्यानेच घातला.

व्यापारात ठेव म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना शिकवावे लागत नाही. ठेव सांभाळायची असते, मागताच परत द्यायची असते, आणि धन्याला न विचारता ती कोणाला दाखवायची नसते. पिढ्यान् पिढ्या येणाऱ्या गिऱ्हाइकाची आठवण ही त्याने आपल्या पेढीवर ठेवलेली ठेव आहे. तिच्यामुळे आपली पत वाढते, हे तिचे व्याज आपण अवश्य घ्यावे. मुद्दल आपले नाही.

येत्या दिवाळीत वहीपूजनाआधी आपल्याही घरची पेटी उघडली जाईल. जुन्या वह्या मुलांना अवश्य दाखवा आणि आपल्या पाटीवरचे वर्ष त्यांतील पहिल्या पानाशी ताडून पाहा. मात्र एखादे पान बाहेर नेण्यापूर्वी ते कोणाचे आहे, हे त्यांना विचारायला शिकवा.

ते साठीतले गृहस्थ अजूनही दुकानात येतात, पंचा-टॉवेलसाठी. गजापाशी थांबतात, दोन शब्द बोलतात. त्यांच्या घरी धाकट्या नातीचे लग्न व्हायचे आहे. मी त्याविषयी काही विचारत नाही.