दोन हजाराला चार महिने, पाचशेला चार तास

नोव्हेंबर आला की आपल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. दर दहा वर्षांनी नोटा बदलाव्यात असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलं होतं, नोटबंदी करून त्यांचंच स्वप्न पूर्ण झालं, वगैरे. आपलीच पोरं अभिमानाने तो पुढे पाठवतात. मी प्रत्येकाला एकच विचारतो : पुस्तकाचं पान सांगा. आजवर एकानेही सांगितलेलं नाही.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची किंमत स्थिर कशी राहील आणि चलन सरकारच्या लहरीवर कसं सोडता येणार नाही, हा त्याचा गाभा. रुपया घसरला की व्यापाऱ्याला फायदा होतो, असं तेव्हा सांगितलं जायचं. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा येतो कुठून? भाव आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते; म्हणजे तो मजुराच्या ताटातून येतो. चलनाचा प्रत्येक निर्णय कोणत्या वर्गाच्या खिशातून वसूल होतो, हे पाहणं ही त्यांची पद्धत. तीच लावून बघू.

जुन्या नोटा काढून नव्या आणणं हे रिझर्व्ह बँकेचं कामच आहे. नोटा मळतात, फाटतात, बनावट निघतात. त्याला माझा विरोध नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

जानेवारी २०१४ मध्ये २००५ पूर्वीच्या नोटा मागे घ्यायचं ठरलं. ज्यांच्या मागच्या बाजूला छपाईचं वर्ष नाही, त्या. नोटा वैधच राहिल्या, बदलून घ्यायची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. कुणाची झोप उडाली नाही.

८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठला भाषण, बाराला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द. चलनातल्या एकूण किमतीच्या सुमारे ८६ टक्के. बदलून मिळणार आधी चार हजार, मग साडेचार, मग दोनच हजार. वर बोटाला शाई. १४ नोव्हेंबरला जिल्हा सहकारी बँकांनाही जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. खेड्यातल्या किती जणांचं खातं तेवढंच होतं!

१९ मे २०२३. दोन हजाराची नोट मागे. पण ती वैध राहिली. ३० सप्टेंबरपर्यंत मुदत, पुढे ७ ऑक्टोबरपर्यंत वाढ. एका वेळी वीस हजार बदलता येत होते. स्टेट बँकेने तर फॉर्म नको, ओळखपत्रही नको म्हणून कळवलं. त्यानंतरही रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत सोय ठेवली.

आता सांगा, २०२३ मध्ये आपल्या वस्तीत दोन हजाराची नोट किती घरांत होती? आणि २०१६ मध्ये पाचशेची नोट कुणाकडे नव्हती? नाक्यावरच्या मजुराला ठेकेदार हप्त्याचा हिशेब त्याच नोटांत करायचा. कायदा तोच, बँक तीच. मग मवाळपणा कुणाच्या वाट्याला आला?

आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी तांदळाच्या डब्यात अकरा हजार लपवले होते. नवरा पितो म्हणून. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे. स्वतःचं खातं नव्हतं, म्हणून नवऱ्याच्या खात्यात भरावे लागले. पुढे काय झालं ते सांगायला नको. तो काळा पैसा होता का?

काळ्या पैशाचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालाने हिशेब दिला : १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. ९९.३ टक्के.

कुणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय वैध ठरवला. हो, २ जानेवारी २०२३ ला, चार विरुद्ध एक मताने. न्या. नागरत्ना यांचं ते एक मतही वाचा : हे संसदेच्या कायद्याने करायला हवं होतं. शिवाय वैध आणि न्याय्य यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला हवा का?

हळूहळू करता येतं, हे मराठवाड्याने पाहिलेलं आहे. निजामाचं राज्य गेलं तरी हाली सिक्का एका रात्रीत मेला नाही. सात हाली म्हणजे सहा कल्दार, असा हिशेब करत दोन्ही चलनं काही वर्षं सोबत चालली. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्या काळातली ही गोष्ट.

म्हणून तरुणांना सांगणं आहे. तो मेसेज आला की पान विचारा, आणि स्वतः ग्रंथ उघडा. नोट 'मागे घेतली' आणि 'रद्द झाली' यांतला फरक वस्तीत समजावून सांगा, म्हणजे अफवेपोटी कुणी पाचशेची नोट चारशेला विकणार नाही. आणि घरोघरच्या बायांची स्वतःच्या नावाची खाती उघडून द्या. पुढची घोषणा कधी येईल ते आपल्या हातात नाही. त्या रात्री डबा कुणासमोर उघडायचा, एवढं तरी त्या बाईच्या हातात असू द्या.

जय भीम!