नंबर बघून मोटर घेता, की हिशोब करून?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला सीएनसी राउटर बनवायचं ठरलंय? की खामगाव-चिखलीत घरचं फर्निचरचं दुकान आहे आणि दारावरची नक्षी आता स्वतःच्या मशीनवर कोरायचीय? भारीच! पण मोटर निवडताना आपण हमखास घाई करतो. ‘नेमा १७ घेऊ की नेमा २३?’ असं विचारायचं, कुणीतरी म्हणतं ‘मोठीच घे भाऊ’, की झाली ऑर्डर.

मुळात हा नंबर ताकदीचा नाहीच. नेमा ही अमेरिकेतल्या विद्युत उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना. तिच्या मापात १७ म्हणजे मोटरचं तोंड साधारण १.७ इंच, २३ म्हणजे २.३ इंच. बस्स, एवढंच.

ताकद बघायची ती टॉर्कच्या आकड्यात. तिथेही गंमत आहे. स्टेपर मोटरवर लिहिलेला टॉर्क ती जागेवर उभी असतानाचा असतो. वेग वाढला की तो घटतो. म्हणून हिशोबात निम्माच धरा. समजा, १.८ न्यूटन-मीटरची मोटर आहे, धरा ०.९. एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा बॉलस्क्रू लावला, तर घर्षण वजा जाऊन जवळपास शंभर किलोचा रेटा मिळतो. लाकूड कोरायला एवढा लागतच नाही! उलट ०.४ ची छोटी मोटर आणि एका फेऱ्यात ८ मिमी सरकणारा साधा लीडस्क्रू घेतला, तर हातात जेमतेम सहा किलो उरतात. एमडीएफवर हलकी नक्षी निघेल, सागाच्या फळीत खोल कट घेताना अडकेल.

आणि अडकली तर साधी स्टेपर मोटर सांगत नाही. कंट्रोलरला वाटतं सगळं ठीक चाललंय, इकडे नक्षी सरकते आणि महागडी फळी वाया. मधेच लाइट गेली तरी तेच, मशीन आपली जागा विसरतं. त्यामुळे होम स्विच लावाच.

मग सरळ सगळ्यात मोठी का घेऊ नये? कारण तिचा रोटर जड, वेग पकडायला वेळ लागतो. त्यात २४ व्होल्टचा स्वस्त सप्लाय जोडला, तर वेगात ती दम टाकते. मधल्या आकाराची मोटर, चांगला ड्रायव्हर आणि ३६ किंवा ४८ व्होल्टचा सप्लाय, पैसे इथे लावा. फक्त तो व्होल्टेज तुमच्या ड्रायव्हरला चालतो ना, ते आधी बघा.

‘यूट्यूबवाल्याची चालली ना?’ चालली असेल. पण त्याचं टेबल वेगळं, स्क्रू वेगळा.

शेगावात १९८३ पासून इंजिनीअरिंग कॉलेज आहे, खामगावात पॉलिटेक्निक आहे. म्हणजे हे गणित येणारी पोरं आपल्या जिल्ह्यात भरपूर. तरी तयार किट आणून मार्क मिळवायचा मोह होतोच. मी मास कॉमची विद्यार्थिनी, तरी मला हे गुणाकार-भागाकार जमले. तुमचं तर शिक्षणच त्याचं आहे, राव! किट जोडून मशीन फिरेल, पण उद्या ते अडलं तर दुरुस्त कोण करणार? पुण्याहून माणूस बोलवणार?

तेव्हा कागद घ्या. सरकवायचं वजन किती, वेग किती हवा, स्क्रू एका फेऱ्यात किती सरकतो, हे तीन आकडे लिहा. मगच ऑर्डरचं बटण दाबा.