टकटक चालू दे!

तुमच्या गाडीचं बॉनेट तुम्ही शेवटचं कधी उघडलं होतं? काचेवर मारायचं पाणी भरायला? बरोबर. बाकी सगळं सर्व्हिस सेंटरवाला आणि त्याचा लॅपटॉप बघून घेतात. जुन्या गाडीचं मात्र तसं नाही. तिचं म्हणणं कान देऊन ऐकावं लागतं.

हे कळलं एका मैत्रिणीच्या गाडीमुळे. आजोबांची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी. १९४८ साली आलेली ही गुबगुबीत ब्रिटिश गाडी डिझाइन केली अ‍ॅलेक इसिगोनिसने. पुढे ‘मिनी’ही त्याचीच. आपली अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, म्हणजे ही तिची धाकटी चुलत बहीणच!

भावाच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून जाणार होता. पण इंजिनाची सारखी टकटक. मैत्रीण मेकॅनिक काकांना म्हणाली, “टॅपेट एकदम टाइट करून टाका ना, आवाजच नको.” काकांनी साफ नकार दिला. “आवाज जाईल ताई, पण त्याच्या मागोमाग व्हॉल्व्हही जाईल.”

आता हे टॅपेट प्रकरण काय? इंजिनात कॅम फिरतो, तो लांब दांडी वर ढकलतो, दांडी रॉकरला उचलते आणि रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो. तीन हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो! रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवतात. या इंजिनाला गार असताना ०.३० मिलिमीटर, म्हणजे आपल्या प्रिंटरचे साधारण तीन कागद.

फट जास्त झाली तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, गाडी मरगळते आणि आवाज वाढतो. पण फटच उरली नाही तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. जळका धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल होतो. बंद असताना सीटला टेकूनच तो आपली बरीचशी उष्णता सोडतो. टेकायलाच मिळालं नाही तर बिचारा जळतो. मग हेड उघडा आणि खिसा रिकामा करा.

म्हणून काकांनी गार इंजिनावर, रीतसर सेटिंग केलं. प्लग काढले, गाडी न्यूट्रलला टाकली आणि पुढच्या हँडलने इंजिन हळूहळू फिरवलं. इथे नऊचा पाढा नाही, नऊची बेरीज लागते! पुढून मोजलं तर एकूण आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा. सातवा दाबला की दुसरा. बेरीज कायम नऊ. फटीत फिलर गेजची पट्टी सरकवायची. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. मग पेचकसने स्क्रू धरून लॉकनट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण आवळताना फट हमखास बदलते.

आणखी एक गंमत. २००० पासून आपल्याकडे सगळीकडे शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या फुप्फुसांसाठी उत्तमच! पण जुन्या लोखंडी हेडमध्ये शिशाचा थर सीटला सांभाळत असे. आता खूप वेगाने लांब पळवली तर सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे टकटक अचानक थांबली तर पेढे वाटू नका, फट मोजा!

सेटिंगनंतरही मायनर टकटक करतच होती, फक्त एका लयीत. नवरदेव वेळेवर पोचला. मैत्रिणीने आता स्वतःचा फिलर गेज घेतलाय, एका पिझ्झाच्या पैशांत. तुमच्याकडेही आजोबांची गाडी ताडपत्रीखाली झोपली असेल, तर खरेदीची सुरुवात तिथूनच करा. सीट कव्हर नंतर!